शपथ विसरलेला वेताळ

एका चित्रपटाची वाट पाहण्यात माणसाचे अर्धे आयुष्य जावे, हे ऐकून गंभीर वृत्तीच्या वाचकांना हसू येईल. येऊ द्यावे. आम्ही ती वाट पाहिली आहे, आजही पाहत आहोत. ज्यांनी ती आम्हांस पाहावयास लावली, त्या चित्रपटवाल्यांशी आमचे भांडण आहे. आणि आमच्यासोबत वाट पाहत बसलेल्या आमच्या स्नेह्यांशीही आहे. दोन्ही भांडणे आज एकदाची मांडून टाकावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

चित्रपट हवा आहे तो वेताळाचा. इंग्रजीत ज्यास ‘फँटम’ म्हणतात, त्याचा. आज ज्यांच्या डोक्यावर पांढरे केस आहेत, त्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि १९९० मध्ये ते बंद पडेपर्यंत मराठीसह अनेक भारतीय भाषांतून वेताळ घरोघरी पोहोचला. रविवारी मिस्सा आटोपल्यावर वडीलधारी मंडळी चर्चच्या आवारात भाताविषयी आणि सोयरिकींविषयी बोलत उभी असत. त्याच वेळी कुंपणाच्या भिंतीमागे आम्हा मुलांची अंकांची अदलाबदल चाले. अंक सदऱ्याच्या आत, पोटाशी दडवून आणावा लागे. कारण शाळेतील एका सरांनी तो एकदा भरवर्गात जप्त केला होता आणि ख्रिस्ती मुलांनी भुताखेतांच्या गोष्टी वाचाव्यात काय, असे आम्हांस खडसावून विचारले होते.

सर रागावले, याचे आम्हांस वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते इतकेच की, त्यांनी अंक उघडून पाहिला नाही. पाहिला असता तर त्यांच्या ध्यानी आले असते की, या कथेत भूत मुळी नाहीच.

कथा अशी आहे. १५३६ साली चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. जहाज गेले, कप्तान मारला गेला. त्याचा मुलगा तेवढा लाटांबरोबर किनाऱ्याला लागला. जंगलातील बांडार नावाच्या बुटक्या लोकांनी त्याला जगवले. पुढे आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्या मुलाने शपथ घेतली की, लूट आणि जुलूम यांच्याशी आपण जन्मभर लढू आणि आपल्यामागून आपले वंशजही लढतील. त्याने मुखवटा चढवला. तो मेला, तेव्हा त्याच्या मुलाने तीच शपथ घेतली व तोच मुखवटा चढवला. मग नातवाने, मग पणतवाने. जंगलाला वाटते, हा पुरुष चारशे वर्षे मेलाच नाही. म्हणून ते त्याला चालतेबोलते भूत म्हणतात. खरी गोष्ट फक्त बांडारांना व घरच्या माणसांना ठाऊक. ज्याच्या गोष्टी आम्ही वाचल्या, तो या वंशातील एकविसावा.

या माणसाला उडता येत नाही. गोळी लागली तर त्याचे रक्त सांडते. त्याच्या अंगठीत जादू नाही. गुंडाच्या जबड्यावर ठोसा बसला की कवटीचा ठसा उमटतो, इतकेच. दुसऱ्या हातातील अंगठीची खूण ज्याला मिळाली, त्याला जंगलात अभय. कवटीच्या आकाराच्या गुहेत वहीखाते आहे. प्रत्येक वेताळाने आपल्या हयातीत जे केले ते स्वतःच्या हाताने त्यात लिहून ठेवावयाचे. शेजारच्या दालनात पूर्वजांच्या कबरी आहेत आणि पुढच्यासाठी जागा मोकळी आहे. चर्चच्या जुन्या नोंदवहीत पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद ज्याने एकदा तरी शोधून काढली असेल, त्याला ती वही पाहून काय वाटेल, हे आम्ही सांगावयास नको.

ही कथा रचली ली फॉक यांनी. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ती अमेरिकेतील वृत्तपत्रांत रोजच्या पट्टीच्या रूपाने सुरू झाली, तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते. पहिली चित्रे रे मूर यांची. पुढे विल्सन मॅकॉय आणि १९६१ पासून साय बॅरी यांनी ती काढली. फॉक मात्र १३ मार्च १९९९ रोजी वारले, तोवर त्रेसष्ट वर्षे कथा लिहीत राहिले. चित्रकार बदलत गेले, लेखक निवर्तला, तरी वेताळ चालूच राहिला. कथेतील शपथेचा नियम कथेलाही असा लागू पडला.

आता पडद्याकडे वळू. या कथेवर आजवर तीन ठळक प्रयत्न झाले आणि त्यांचा क्रम मोठा बोधप्रद आहे.

पहिला प्रयत्न १९४३ सालचा. युद्धाचे दिवस. कोलंबिया कंपनीने पंधरा भागांची मालिका काढली. त्या काळी असे भाग आठवड्यास एक याप्रमाणे चित्रगृहात दाखवीत. नायक टॉम टायलर. पैसा बेताचा आणि मूळ कथेशी इमान राखण्याची फिकीर त्याहून बेताची. नायकाचे खरे नावसुद्धा त्यांनी भलतेच ठेवले. तरीही पहिल्याच भागात एक गोष्ट घडते. म्हातारा वेताळ मारला जातो, आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा उभा राहतो. जंगलाला वाटते, वेताळ मेला नाही. एवढे एक दृश्य त्या गरीब मालिकेने उचलले आणि आमच्या मते कथेचा गाभाच उचलला.

दुसरा प्रयत्न ७ जून १९९६ रोजी प्रदर्शित झालेला. पॅरामाउंट कंपनी, दिग्दर्शक सायमन विन्सर, वेताळाच्या भूमिकेत बिली झेन. खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर. येथे सारे काही जागच्या जागी होते. जांभळा पोशाख होता, पांढरा घोडा होता, लांडगा होता, कवटीची गुहा होती, डायना होती, काळही १९३८ चा निवडला होता. आम्ही डोळे भरून पाहिले. बिली झेन यांनी भूमिकेचा मान राखला, हेही नमूद केले पाहिजे. त्यांच्या अभिनयात थट्टेचा सूर नव्हता. मग बिघडले कोठे?

बिघडले ते असे. बालक, जहाज, चाचे, शपथ ही सारी हकिकत चित्रपटाने आरंभीच्या काही मिनिटांत प्रस्तावनेसारखी उरकली आणि उरलेला सर्व वेळ तीन जादूच्या कवट्यांच्या शोधास दिला. त्या एकत्र आल्या की त्यांतून विनाशकारी शक्ती बाहेर पडते, आणि वेताळाची अंगठी हीच चौथी कवटी, असे निघते! ज्या अंगठीत जादू नाही हे पाचवीतल्या मुलाला ठाऊक होते, तिच्यातच पटकथाकाराने जादू भरली. मृत पित्याचे तर याहून वाईट झाले. गुहेतील वहीत मुलगा बापाचे अक्षर वाचतो, बापाच्या कबरीपाशी उभा राहतो, यातील मुकेपण मूळ कथेत होते. चित्रपटात बापाचे भूत सदेह येऊन मुलाशी गप्पा मारते. आमच्या सरांना ज्या भुताची भीती वाटत होती, ते शेवटी अमेरिकन चित्रपटाने खरोखरच आणून उभे केले. चित्रपट अमेरिकेत चालला नाही. सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलरांवर त्याची तेथील कमाई थांबली.

तिसरा प्रयत्न २००९ सालचा, दूरचित्रवाणीवरील लघुमालिकेचा. रायन कार्न्स हे त्यात वेताळ झाले. येथे आधुनिकतेचा हव्यास पुरता अंगात आला. जांभळा पोशाख गेला आणि त्याच्या जागी अंगात बळ भरणारे चिलखत आले. नायक दत्तक घरात वाढलेला. आपण कोणाचे पुत्र आहोत याचा त्याला पत्ताच नाही. मोठेपणी परकी माणसे येतात आणि तुझा वारसा अमुक आहे असे कळवतात, जणू बँकेतून ठेव मुदत संपल्याची चिठ्ठी यावी. ज्या माणसाचे बळ त्याने दिलेल्या शब्दातून येत होते, त्याचे बळ कपड्यातून येऊ लागले.

तीन प्रयत्न झाले. गरीब मालिकेला नाव चुकले, पण वारसा सापडला. श्रीमंत चित्रपटाला पोशाख सापडला, पण वारशाचे भान उरले नाही. आधुनिक मालिकेला दोन्हींचे ओझे झाले. पैसा वाढत गेला तसतशी शपथ आखडत गेली, हे आम्हांस योगायोगाचे वाटत नाही. चित्रपटाच्या बाजारात चमत्कार विकला जातो. पिढ्यान्पिढ्या पाळलेला शब्द कसा विकावा, हे त्या बाजाराला कळत नाही.

येथवर आमच्या स्नेह्यांच्या माना डोलत असतील. आता त्यांच्याशी असलेले भांडण.

आमच्यासारखी जी मंडळी जुने अंक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवतात, ती एकत्र जमली की इमानाची चर्चा सुरू होते आणि पाहता पाहता पोशाखावर येऊन थांबते. जांभळा रंग पाहिजे, पट्ट्यांची चड्डी पाहिजे, कमरेस दोन पिस्तुले पाहिजेत, मुखवट्याआड बुबुळे दिसता कामा नयेत. २००९ च्या मालिकेवर सर्वांत मोठी आरडाओरड झाली ती चड्डी काढून टाकल्याबद्दल. वारसा काढून टाकल्याबद्दल आम्ही त्या मानाने गप्प राहिलो. हे आम्हांस शोभले काय?

रंगाचेच घ्या. फॉक यांच्या मनातील वेताळ करडा होता. रोजची पट्टी काळ्यापांढऱ्यात छापली जाई, तेव्हा प्रश्न आला नाही. १९३९ मध्ये रविवारची रंगीत आवृत्ती निघाली तीत पोशाख जांभळा छापला गेला आणि तोच कायम झाला. स्वीडनमध्ये वेताळ निळा आहे, इटलीत तांबडा. स्वीडिश वाचकाचे प्रेम आमच्याहून खोटे आहे, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? तेथे १९५० पासून आणि ऑस्ट्रेलियात १९४८ पासून वेताळाची नियतकालिके निघत आहेत. आपल्याकडे ती १९९० मध्ये बंद पडली.

आणि ज्याला आपण मूळ म्हणतो, ते तरी मूळ होते काय? मूळ कथेतील देशाचे नाव ‘बंगाली’. पुढे ‘बंगाला’ झाले. इंद्रजालने ते ‘डेंकाली’ केले. मूळ कथेतील चाचे ‘सिंग’ टोळीचे. इंद्रजालने त्यांना ‘सिंगा’ केले. कारण उघड आहे. भारतातील वाचकाच्या हाती सिंग नावाचे दरोडेखोर कोण देणार? वृत्तपत्री पट्टीतील चौकटी अंकाच्या पानांत बसविण्यासाठी कापाव्या, जुळवाव्या लागल्या. ‘फँटम’चे ‘वेताळ’ झाले हा तर सर्वांत मोठा बदल. आपल्याकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा. कोकणात नि गोव्यात त्याची देवळे आहेत. पंचविशीतील वेताळ झाडाला लटकणारा आणि कोडी घालणारा. त्या नावाचा आणि त्या जहाजावरच्या मुलाचा काय संबंध? काही नाही. तरीही ते नाव उच्चारताच आमच्या अंगावर काटा येतो, आणि दुसऱ्या कोणत्याही शब्दाने तो येणार नाही.

म्हणजे आम्ही ज्याच्यावर जन्मभर प्रेम केले, ते बदललेलेच होते. नाव बदलले, देश बदलला, चौकटी बदलल्या. बदलली नाही ती शपथ. इंद्रजालच्या भाषांतरकारांनी कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हे ओळखले होते. साडेचार कोटी डॉलर खर्चणाऱ्यांना ते ओळखता आले नाही.

आपल्या घरचे उदाहरण घ्यावयाचे तर ‘श्यामची आई’. साने गुरुजींचे पुस्तक १९३५ चे, आचार्य अत्रे यांचा चित्रपट १९५३ चा. पुढच्या वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यास मिळाले. पुस्तकातील बेचाळीस रात्री जशाच्या तशा पडद्यावर येणे शक्य नव्हते, आणि आल्या नाहीत. तरी महाराष्ट्राने तो चित्रपट पाहून डोळे पुसले. कोणी उठून रात्री मोजल्या नाहीत. आईचा कठोरपणा आणि आईची माया एकाच घटनेत दिसली पाहिजे, हे अत्र्यांनी हेरले आणि तेवढे सोडले नाही. इमान या शब्दाचा आम्हांस कळलेला अर्थ हा असा आहे.

दोन आक्षेप येतील, त्यांचा परामर्श घेतल्याविना हा लेख पुरा होणार नाही.

पहिला आक्षेप वजनदार आहे. गोरा माणूस जंगलात राहतो, काळी माणसे त्याला भितात आणि मानतात; ही कथा आज पडद्यावर आणावी तरी कशाला? लहानपणी आम्हांस हा प्रश्न पडला नाही. तो पडावयास हवा होता; आम्हीही परक्या राजवटीखाली राहिलेल्या लोकांचीच मुले होतो. कथेच्या या भागाचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु स्वतः फॉक यांनी काय केले ते पाहावे. त्यांचा देश पुढे स्वतंत्र झाला. तेथे निवडणूक झाली, लामांडा लुआगा नावाचा काळा राष्ट्राध्यक्ष आला, आणि वेताळ त्याचा मित्र म्हणून, त्याच्या कायद्याच्या बाजूने उभा राहिला. डायना संयुक्त राष्ट्रसंघात काम करू लागली. १९७७ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि १९७९ मध्ये जुळी मुले झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. लेखकाने आपल्या हाताने कथा वाढू दिली. तेव्हा जुनी चूक जशीच्या तशी जपणे, यास इमान म्हणता येत नाही. दिग्दर्शकाने येथे अवश्य बदल करावेत. बांडारांना तोंडी लावण्यापुरते न ठेवता, चारशे वर्षे ज्यांनी गुपित सांभाळले त्यांना कथेत मानाची जागा द्यावी. शपथ वेताळाची असली तरी ती टिकली त्यांच्या मौनावर, हे मूळ कथेतच आहे. कोणी पाहिले नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप हलका आहे, पण अधिक ऐकू येतो. अहो, कॉमिक ते! त्यासाठी एवढा त्रागा कशाला? यावर आमचे उत्तर असे. मुलाच्या हाती जे पहिले पुस्तक स्वखुशीने येते, ज्याचे गुण मिळत नाहीत आणि जे सदऱ्याखाली लपवून आणावे लागते, त्याने त्याच्या मनावर केलेले काम कोणत्याही धड्याहून कमी नसते. दिलेला शब्द बापाबरोबर मरत नाही, ही गोष्ट आम्हांस प्रथम त्या रंगीत पानांवर उमगली. पुढे वडील गेले. घरचे कर्ज, बहिणीचे लग्न, धाकट्याचे शिक्षण ही त्यांची अर्धी राहिलेली कामे आम्ही अंगावर घेतली, तेव्हा आम्हांस कोणी मुखवटा दिला नाही. पण आपण काय करीत आहोत, हे आम्हांस ठाऊक होते. आमच्यातील किती जणांचे असे झाले असेल, ते वाचकांनी आपापल्या मनाशी आठवावे.

म्हणून आमची मागणी फार मोठी नाही. कवट्या नकोत, किरण नकोत, चिलखत नको. एक दृश्य हवे. दूर अमेरिकेत शिकणाऱ्या तरुणाला निरोप येतो: वडील अंथरुणाला खिळले आहेत, नीघ. जिच्यावर त्याचे मन जडले आहे त्या मुलीला मागे ठेवून तो निघतो. गुहेत बाप शेवटच्या घटका मोजत आहे. मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. बाप डोळे मिटतो. मुलगा त्याला पूर्वजांच्या रांगेत पुरतो, वही उघडतो, बापाच्या शेवटच्या ओळीखाली आपली पहिली ओळ लिहितो. पहाटे तो बाहेर पडतो. झाडीतील लोक त्याला पाहतात आणि एकमेकांना सांगतात, वेताळ काही मरत नाही. तो ऐकतो आणि बोलत नाही. हे सारे फॉक यांच्या कथेत आहे. आम्ही त्यात काही घातलेले नाही. यास खर्च किती येईल? आणि पोशाख कोणत्या रंगाचा आहे, याकडे त्या क्षणी कोणाचे लक्ष जाईल?

असा चित्रपट आजवर आलेला नाही. आमच्या हयातीत येईल की नाही, ते देव जाणे. वाट पाहणाऱ्यांतील काही जण मागेच निघून गेले. त्यांच्या कपाटांतील अंक रद्दीवाल्याकडे गेले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा स्नेह्यांनो, चड्डीवरचा वाद आता पुरे. अंक प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बाहेर काढा. पाने पिवळी पडली आहेत, टाचण्या गंजल्या आहेत, हरकत नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर नातवाला शेजारी बसवा आणि जहाज बुडाले त्या पानापासून वाचून दाखवा. त्याने मध्येच विचारले की, आजोबा, हा खरेच मरत नाही का, तर घाईने उत्तर देऊ नका. पुढचे पान त्यालाच उलटू द्या.